ए.वाय.एस.ओ. सॉकर: मुलांचे नाव घालण्यापूर्वी पालकांनी काय समजून घ्यावे

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मूल पाच-सहा वर्षांचे झाले की पोहण्याचा वर्ग आणि मराठी शाळा यांच्या बरोबरीने सॉकरची, म्हणजे आपल्या फुटबॉलची, चौकशी सुरू होते, आणि त्या चौकशीला बहुतेक वेळा ‘ए.वाय.एस.ओ.मध्ये घाला’ हेच पहिले उत्तर मिळते. अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशन हे या ना-नफा संस्थेचे पूर्ण नाव. १९६४ साली लॉस एंजेलिस परिसरात अवघ्या नऊ संघांनिशी सुरू झालेली ही संस्था आता देशभर पसरली आहे. तिच्या स्थानिक शाखेला रिजन म्हणतात आणि प्रत्येक रिजनला स्वतःचा क्रमांक असतो. आमच्या घरातील दोन्ही मुले यातून गेली असल्याने आणि घरातील मोठ्यांनाही त्यात निरनिराळी कामे करावी लागल्याने हे परीक्षण लिहीत आहे. येथे कोणत्याही एका रिजनची बाजू किंवा उणीदुणी मांडलेली नाहीत. नाव घालताना पालक ज्या नियमांना होकार देतात, पण जे क्वचितच वाचतात, ते नियम प्रत्यक्षात कसे चालतात एवढाच विषय आहे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. आपल्याकडे क्लास लावला की फी भरायची, मुलाला दारात सोडायचे आणि वेळ संपली की न्यायला जायचे, अशी रीत असते, ए.वाय.एस.ओ. हा तसा क्लास नाही. येथे प्रशिक्षक, रेफ्री, संघाची व्यवस्था पाहणारे पालक आणि मैदानावर जाळी बांधणारे लोक, हे जवळजवळ सगळे बिनपगारी स्वयंसेवक असतात, आणि ते आपल्यासारख्याच पालकांतून आलेले असतात. फी रिजनप्रमाणे बदलते, पण खासगी क्लब सॉकरच्या वर्षाला हजारो डॉलरांच्या खर्चापुढे ती किरकोळ वाटावी इतकीच असते. मात्र पैशांत जे वाचते, ते पालकांच्या वेळेच्या आणि संयमाच्या रूपाने वसूल होते. हे ज्यांना पटते त्यांना ही सेवा अतिशय आवडते, आणि ज्यांना पटत नाही ते पहिल्या हंगामाच्या मध्यापासूनच कुरकुर करू लागतात.

संस्थेची सहा तत्त्वे आहेत: प्रत्येकाने खेळायचे, संघ समतोल ठेवायचे, नोंदणी सर्वांसाठी खुली असायची, प्रशिक्षण उत्तेजन देणारे असायचे, खिलाडूवृत्ती जपायची आणि खेळाडूचा विकास साधायचा. यांतील पहिली दोन तत्त्वे अशी आहेत की त्यांचा परिणाम प्रत्येक शनिवारी मैदानावर डोळ्यांना दिसतो. म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

‘प्रत्येकाने खेळायचे’ याचा नियमातील अर्थ असा, की सामन्याला हजर असलेल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे, मग ते मूल चेंडूमागे धावण्याऐवजी गवतातली फुले वेचत असले तरी. यासाठी परंपरेने सामन्याचे चार भाग पाडतात. प्रत्येक अर्ध्याच्या मध्यावर रेफ्री खेळ थांबवतो आणि तेव्हा किंवा मध्यंतराला बदली खेळाडू आत जातात. दहा वर्षांखालील गटात सात-सात खेळाडूंचे सामने होतात. समजा एका संघात दहा मुले आहेत. चार भागांत मिळून अठ्ठावीस जागा होतात. म्हणजे आठ मुलांना तीन-तीन भाग खेळता येतात आणि दोघांच्या वाट्याला दोनच येतात. हे दोघे कोण, हे दर आठवड्याला बदलत ठेवणे आणि गोलकीपरची पाळीही त्यातच बसवणे हे कोचचे काम असते. हा तक्ता बहुधा शुक्रवारी रात्री जेवणानंतर बसून तयार होतो. त्यामुळे शनिवारी सकाळी न कळवता गैरहजर राहणाऱ्या कुटुंबामुळे सगळे गणित नव्याने मांडावे लागते. ‘येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा’ ही सूचना प्रत्येक कोचच्या पहिल्या ईमेलमध्ये असते आणि सर्वांत जास्त मोडली जाणारी सूचनाही तीच असावी.

या नियमाची एक बोचरी बाजूही आहे. आपले मूल संघात सर्वांत चपळ असेल, तर ऐन अटीतटीच्या वेळी ते बाकावर बसलेले पाहावे लागते आणि समोर नुकता खेळू लागलेला मुलगा चेंडू सोडून देतो. अशा वेळी काही पालक कोचजवळ जाऊन हळू आवाजात हिशेब मांडू लागतात. मला स्वतःला हा नियम या संस्थेचे सर्वांत मोठे बलस्थान वाटतो. आठव्या वर्षी जो मुलगा मागे असतो तोच बाराव्या वर्षी उंची वाढल्यावर पुढे जाताना दिसतो. तोपर्यंत त्याला मैदानावर टिकवून ठेवणारी एखादी व्यवस्था हवी, आणि बाकावर बसून खेळ शिकता येत नाही.

समतोल संघांचा नियम मात्र मराठी मंडळींना अधिक जड जातो. हंगामाच्या शेवटी कोच आपल्या खेळाडूंचे गुणांकन करतात आणि पुढच्या वर्षी त्या आधारे सगळे संघ नव्याने पाडले जातात, जेणेकरून कोणताही एक संघ फार बलवान किंवा फार दुबळा राहू नये. याचा अर्थ असा, की गेल्या वर्षी जमलेला संघ या वर्षी राहत नाही, आवडलेला कोच पुन्हा मिळेलच असे नसते आणि शेजारच्या घरातली मैत्रीण दुसऱ्या संघात जाऊ शकते. एकाच गाडीतून चार मुलांना सरावाला नेण्याचे बेत आपण आधीच ठरवून टाकतो. पण मैत्रीच्या विनंत्या मान्य करण्याचे बंधन रिजनवर नसते. अगदी लहान गटांत काही ठिकाणी त्या मानल्या जातात, मोठ्या गटांत सहसा नाहीत. यावर एकच सरळ उपाय आहे, तो म्हणजे स्वतः कोच व्हायचे, कारण कोचचे मूल कोचच्याच संघात असते. रिजनला वर्षानुवर्षे कोच मिळत राहतात, त्यामागे या सोयीचाही वाटा असणार.

कोच होण्यासाठी खेळाडू असण्याची अट नाही. लहानपणी गल्लीत फक्त क्रिकेट खेळलेले कित्येक आईवडील येथे समर्थपणे कोच झालेले मी पाहिले आहेत. अटी आहेत त्या मुलांच्या सुरक्षेच्या. प्रत्येक स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासली जाते. सुरक्षित वर्तन, डोक्याला मार लागल्याची लक्षणे आणि अचानक हृदयक्रिया बंद पडणे यांविषयीचे ऑनलाइन अभ्यासक्रम त्याला पूर्ण करावे लागतात. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार, महिन्याला सोळा किंवा वर्षाला बत्तीस तासांहून अधिक काळ मुलांच्या थेट संपर्कात येणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकाला लाइव्ह स्कॅन या डिजिटल पद्धतीने बोटांचे ठसेही द्यावे लागतात. हे सगळे करताना कंटाळा येतो आणि नोकरीतून वेळ काढावा लागतो, हे खरे. पण हीच तपासणी आपल्या मुलाच्या कोचचीही झालेली असते हे लक्षात घेतले, की तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

याच सुरक्षानियमांतून पालकांवर येणारी एक जबाबदारी फारशी कोणाला ठाऊक नसते. सरावाच्या वेळी आठ मुलांमागे एक मोठे माणूस, आणि मुले कितीही कमी असली तरी किमान दोन मोठी माणसे मैदानावर असावीत, त्यांतील एक शक्यतो संघातील मुलांच्याच लिंगाचे असावे, असा संस्थेचा दंडक आहे. म्हणजे मुलींच्या संघाला पुरुष कोच असेल तर कोणा ना कोणा आईने सरावाच्या पूर्ण वेळ तेथे थांबणे अपेक्षित असते. सराव संपल्यावर मुलाला न्यायला उशिरा येणे हा येथे केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही; शेवटच्या मुलाबरोबर कोचने एकटे राहू नये म्हणून आणखी एका पालकाला तेथे ताटकळत उभे राहावे लागते. ट्रॅफिकची सबब एकदा चालते. नंतर सगळ्यांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसू लागते, आणि ती रास्त असते.

बाजूरेषेवरील वर्तनाविषयी संस्था जितकी स्पष्ट बोलते तितकी इतर कशाविषयीही बोलत नसेल. प्रेक्षकांनी बाजूरेषेपासून सुमारे तीन यार्ड मागे बसावे, मैदानाच्या दोन्ही टोकांकडे, म्हणजे पेनल्टी क्षेत्रांच्या पलीकडे, सरकू नये आणि गोलच्या मागे कोणीही उभे राहू नये. सूचना देण्याचा अधिकार कोचचा असतो, आणि तोही मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा यार्डांत उभे राहूनच. ‘मार, मार!’, ‘मागे ये!’, ‘अरे पास दे ना!’ असे मराठीतून ओरडले तर रेफ्रीला कळत नाही, ही पळवाट आमच्या ओळखीच्या अनेकांनी वापरून पाहिली आहे. पण आपल्या मुलाला ते कळते, आणि ते कोचकडे पाहावे की बाबांकडे या पेचात पडून चेंडू सोडून देते. काही रिजन वर्षातून एखादा शनिवार ‘मूक शनिवार’ म्हणून पाळतात. त्या दिवशी पालकांनी टाळ्यांपलीकडे काहीही आवाज करायचा नसतो. पहिल्यांदा हे बालिश वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी मुले एकमेकांशी किती बोलतात, हे ऐकण्यासारखे असते.

रेफ्रीविषयीची अपेक्षा तर याहून कडक असायला हवी असे माझे मत आहे. लहान गटांच्या सामन्यांत शिट्टी वाजवणारा अनेकदा एखादा शाळकरी मुलगा किंवा मुलगी असते. स्वयंसेवेचे तास शाळेत दाखवायचे आणि खेळही समजून घ्यायचा, या हेतूने ती आलेली असते. ऑफसाइडच्या निर्णयावरून चाळिशीच्या गृहस्थाने तेरा वर्षांच्या मुलीवर आवाज चढवावा, हे दृश्य कोणत्याही देशात लाजिरवाणे आहे. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक संघाने काही रेफ्री पुरवायचे असतात. तेव्हा ज्यांना निर्णय चुकलेले दिसतात, त्यांनी प्राथमिक रेफ्री अभ्यासक्रम पूर्ण करून पुढच्या शनिवारी शिट्टी हातात घ्यावी. त्यांच्या टीकेत त्यानंतर पुष्कळच फरक पडतो.

साहित्याची यादी लहान आहे. आठ वर्षांखालील मुलांना तीन क्रमांकाचा, बारापर्यंत चार क्रमांकाचा आणि त्यापुढे पाच क्रमांकाचा चेंडू लागतो. नडगीचे संरक्षण करणारे शिन गार्ड सराव आणि सामना या दोन्ही वेळी सक्तीचे असून ते मोज्यांनी पूर्ण झाकलेले असावे लागतात. कोणाकडून जुने बूट मिळाले तर ते बेसबॉलचे नाहीत ना, हे पाहावे. त्यांच्या पुढच्या टोकाला असलेला खिळा येथे चालत नाही. आपल्या घरांतून खरी अडचण येते ती दागिन्यांची. अंगावर कोणताही दागिना घालून खेळता येत नाही आणि तो चिकटपट्टीने झाकून चालवून घेतला जात नाही. म्हणून मुलीचे कान टोचायचे असतील तर हंगाम संपल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस टोचावेत, म्हणजे भोके बुजण्याची भीती न बाळगता पुढच्या हंगामापर्यंत डूल काढता-घालता येतात. गळ्यातला ताईत, हातातले कडे, ऑगस्टमध्ये बांधलेली राखी आणि गणपतीच्या पूजेतला धागा यांविषयीही घरात आधीच बोलून ठेवावे. रेफ्रीने मैदानावर ‘हे काढ’ म्हटले आणि आजीने ‘काढू नकोस’ असे बजावलेले असले, तर त्या मुलाची जी ओढाताण होते ती टाळता येण्यासारखी आहे.

खेळाचे स्वरूप वयाप्रमाणे बदलते आणि त्यामागे विचार आहे. आठ वर्षांखाली चार-चार मुलांचे सामने होतात. त्यांत गोलकीपर नसतो आणि गोल अधिकृतपणे मोजलेही जात नाहीत, जरी प्रत्येक मुलाला आकडा तोंडपाठ असला तरी. दहा वर्षांखाली सात, बारा वर्षांखाली नऊ आणि त्यानंतर पूर्ण अकरा खेळाडू असतात. दहा वर्षांखालील गटात मैदानावर एक जादा रेषा आखलेली असते. गोलकीपरच्या हातात चेंडू आला की समोरच्या संघाने त्या रेषेमागे जायचे, आणि गोलकीपरने चेंडू लाथेने उंच उडवायचा नाही, जवळच्या सहकाऱ्याला द्यायचा. नवख्या पालकांना यामुळे खेळ तुटक वाटतो, पण मुले छोटे पास देऊन पुढे जायला यातूनच शिकतात.

डोक्याने चेंडू मारण्याबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सॉकर महासंघाने दहा वर्षे आणि त्याखालील मुलांना हेडिंगची बंदी जाहीर केली, ए.वाय.एस.ओ.मध्ये बारा वर्षांखालील गटापर्यंत सराव आणि सामना दोन्हींत ते निषिद्ध आहे. मुद्दाम डोके लावल्यास विरुद्ध संघाला अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशी किक, मिळते. पुढच्या गटातही सरावात त्याला आठवड्याला तीस मिनिटे आणि प्रत्येक खेळाडूमागे पंधरा ते वीस हेडर अशी मर्यादा आहे. अंगणात मुलाला डोक्यावर चेंडू झेलायला शिकवणाऱ्या हौशी काका-मामांनी ही नोंद घ्यावी. डोक्याला मार लागल्याची शंका आली, तर कॅलिफोर्नियात त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवता येत नाही आणि परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय परत घेता येत नाही. मेंदूला हिसका बसल्याचे निदान झाले, तर पूर्ण खेळाकडे टप्प्याटप्प्याने परतण्यासाठी किमान सात दिवस द्यावे लागतात. ‘काही झाले नाही, पाणी पी आणि जा’ हा आपला खाक्या येथे चालत नाही, आणि तो चालू नये.

वेळापत्रकाकडे वळायचे तर मुख्य हंगाम शरद ऋतूचा, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा असतो. आठवड्यात एक किंवा दोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना, असा साधारण क्रम असतो. नेमके याच महिन्यांत महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव, नाटकाच्या तालमी आणि दिवाळीचे कार्यक्रम शनिवार-रविवारीच येतात. सगळे काही जमेल असे स्वतःला सांगून नाव घालणाऱ्या कुटुंबांची फार धावपळ होते. कोणते शनिवार जमणार नाहीत, हे कोचला हंगामाच्या सुरुवातीलाच सांगितले तर तो नक्की सांभाळून घेतो. उन्हाळ्यात भारतात जाऊन ऑगस्टच्या मध्याला परतणाऱ्यांची पालकसभा आणि पहिले सराव हमखास चुकतात; त्यांनी ईमेल वाचत राहावेत एवढे तरी करावे. वयोगटाच्या बाबतीतही एक बदल झाला आहे. गेली काही वर्षे जन्मवर्षानुसार पडणारे गट २०२६-२७ च्या हंगामापासून १ ऑगस्ट ते ३१ जुलै या हिशेबाने पडतात, त्यामुळे शाळेतल्या एकाच इयत्तेतली मुले पुष्कळशी एकत्र येतात. जुन्या माहितीवर विसंबून गट निवडू नये.

खाऊची पाळी हा येथल्या संघजीवनाचा गोड भाग आहे. मध्यंतराला संत्र्याच्या फोडी आणि सामना संपल्यावर काहीतरी छोटे, अशी प्रथा असते. फक्त शेंगदाण्याची चिक्की किंवा सुक्या मेव्याचे लाडू आणण्यापूर्वी संघातील कोणाला त्याची ॲलर्जी आहे का, हे विचारणे बंधनकारक मानावे. फीमध्ये गणवेश आणि अपघात विमा बहुधा येतो. पण हा विमा पूरक असतो आणि आधी कुटुंबाच्या स्वतःच्या आरोग्य विम्याकडे जावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

आता उणिवा. कोच स्वयंसेवक असल्याने प्रशिक्षणाचा दर्जा नशिबावर अवलंबून राहतो. एका वर्षी अतिशय कल्पक माणूस भेटतो आणि पुढच्या वर्षी मुले तासभर नुसती रांगेत उभी राहून गोलवर चेंडू मारतात. बारा वर्षांनंतर एकाच संघात खेळाविषयी गंभीर असलेली आणि केवळ आईवडिलांनी पाठवलेली मुले इतकी मिसळलेली असतात की दोघांनाही समाधान मिळत नाही. अशा वेळी संस्थेच्याच ‘एक्स्ट्रा’ या निवड चाचणीने भरणाऱ्या संघांचा किंवा ‘ए.वाय.एस.ओ. युनायटेड’ या क्लबचा पर्याय आहे. तेथे वेळ आणि प्रवास वाढतो, युनायटेडमध्ये खर्चही बराच वाढतो. मात्र सातव्या-आठव्या वर्षीच क्लबमध्ये घातले नाही तर मूल मागे पडेल, ही जी भीती पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत पसरलेली असते तिला फारसा आधार नाही. २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकी संघातील ॲलेक्स मॉर्गन लहानपणी ए.वाय.एस.ओ.मध्येच खेळली होती आणि क्लबकडे वळली तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

पाच ते बारा या वयासाठी, आणि पालकांपैकी किमान एकाला आठवड्यातून एक संध्याकाळ व शनिवारची सकाळ मोकळी ठेवता येत असेल, तर मी ही सेवा निःसंकोचपणे सुचवीन. दोन्ही पालक सतत प्रवासात असतील आणि मदतीला कोणी नसेल, तर एखाद्या महापालिकेच्या मनोरंजन विभागाचा सशुल्क वर्ग त्यांना अधिक सोयीचा पडेल. नोंदणी बहुधा वसंत ऋतूतच उघडते आणि गट भरले की प्रतीक्षायादी सुरू होते. एखाद्या गटात कोच कमी पडले तर तेथे संघच कमी तयार होतात, त्यामुळे ती यादी लवकर हलत नाही. अर्जात ‘स्वयंसेवक म्हणून काय करू शकाल’ हा रकाना असतो. तो कोरा सोडू नये.